बासच्या मानेचं माप

मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचे जबडे ओतते, मेणात दात बसवते आणि माणसाला पुन्हा हसतं करते. वीस वर्षांत हजारो लोकांचे जबडे माझ्या खोलीतल्या फळ्यांवर येऊन बसले आणि गेले. त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. रस्त्यात कुणी मोकळं हसलं की मी आधी त्याची दाढ बघते, मग त्याला.

खोलीला एकच खिडकी, तीही दुधी काचेची. रविवारी काम बंद असतं. मशीनं गप्प, फोन गप्प, आणि उजेड काचेतून गाळून आल्यासारखा हळूहळू टेबलावरून सरकत राहतो. त्या उजेडात किती वाजले ते कळत नाही. मागच्या दोन महिन्यांचे सगळे रविवार मी तिथे एक बास गिटार नीट करत बसले होते, ते माझ्या भावासाठी.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून त्याला ढब्बू म्हणायचे. आता काडी झालाय, तरी ढब्बूच. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि शनिवारी-रविवारी एका हॉटेलात चौघांच्या बँडमध्ये बास वाजवायचा. बास म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. ती वाजतेय हे ऐकणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही, पण थांबली की जेवणात मीठ नसल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात त्याचा डावा हात सापडला. हाड जुळलं, पण नस तुटली ती तुटलीच. शेवटची दोन बोटं असून नसल्यासारखी. कंपनीने त्याला फोन घ्यायला बसवलं. त्याने आपला बास विकून टाकला आणि बँडवाल्यांचे फोन उचलणं बंद केलं.

त्याला पुन्हा वाजवताना बघायचं, एवढंच मला हवं होतं. दर वेळी फोनवर मी म्हणायचे, "होईल रे बरा, व्यायाम सोडू नको." तो म्हणायचा, "हो ताई," आणि विषय बदलायचा.

हा बास मला जुन्या सामानाच्या दुकानात दिसला, बंद पडलेल्या इस्त्र्या आणि पंख्यांच्या ढिगात. गाजराच्या रंगाचा, शिकाऊ मुलांसाठी बनवलेला, नेहमीच्या बासहून चार-पाच बोटं आखूड. दोन जोडी चपलांच्या किमतीत मिळाला. आखूड म्हणजे बोटं कमी ताणावी लागणार, असा माझा हिशेब. घरी आणला तेव्हा नवरा म्हणाला, "दात कोरून पोट भरेना, म्हणून आता हे का?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण स्वस्त वस्तूचं एक सुख असतं. महागाच्या वस्तूशी आपण सासरी वागावं तसे वागतो, जपून, विचारून. स्वस्त वस्तू माहेरची. वाटेल ते कपाट उघडावं, वाटेल तिथे हात घालावा. मी पहिल्याच रविवारी तो अख्खा उघडला. तारा दाबायच्या लांब दांड्याला मान म्हणतात; तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बाहेर आलेली होती आणि हात फिरवला की ओरखडा उठायचा. हिरडीला टोचू नये म्हणून कवळीची कड मी जिने घासते, त्याच कानशीने ती घासली. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, तशी गुणगुण करणारी खरखर बंद झाली. आवाजाची बटणं बदलली. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती तडकली होती. ती मी दाताच्याच मसाल्यातून नवी घडवली. साठीच्या माणसाला शोभेल असा किंचित पिवळट रंग दिला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, तसा माझ्या बासचा हा वाजवायचा दात.

मग बारीक, गुळगुळीत तारा चढवल्या आणि छोट्या स्पीकरला जोडून सगळ्यांत जाड तार छेडली. आवाज कानात आलाच नाही, आधी खुर्चीतून आला. आणि फळीवरचे जबडे थरथरायला लागले. वरचे दात खालच्यांवर हलके हलके आपटत होते. शंभर अनोळखी माणसं तोंडातल्या तोंडात काही बोलत होती, आणि मी त्यांच्यामध्ये बसून तीच तार पुन्हा पुन्हा छेडत होते. उजेड टेबलावरून भिंतीवर गेला. नवऱ्याचे चार फोन येऊन गेलेले मला नंतर दिसले.

राहिली होती फक्त मान. ती होती जाडजूड, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. मानेच्या पोटात पोलादी सळी असते. मागून लाकूड जास्त तासलं तर सळी उघडी पडते आणि सगळं जळाऊ लाकडात जमा. मी गुलाबी मेणाची पट्टी मानेवर ठेवायचे, मुठीत धरायचे, मेणावर हाताचा आकार उठायचा आणि तेवढंच, कागदाच्या जाडीएवढं, लाकूड खरवडून काढायचे. मग डोळे मिटून पुन्हा धरून बघायचे. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. हात मानेवरून वरखाली जात राहायचा आणि मला वाटायचं की मी कुठल्याशा पाण्यात आहे आणि हे वल्हं आहे.

ढब्बूच्या हाताचं माप मागायची सोय नव्हती. तो हात खिशातून काढत नाही, आणि मागितलं असतं तर गुपित फुटलं असतं. पण आई नेहमी म्हणायची, तुम्हा दोघांचे हात एकाच साच्यातले. म्हणून मी माझ्याच हाताचं माप धरलं. मान तासायला घेतली त्या दिवशी शेवटची दोन बोटं चिकटपट्टीने बांधून घेतली होती. पुढच्या रविवारी बांधायची विसरले, आणि विसरले हेही विसरले.

काल त्याला बोलावलं. "मशीनला हवा देणारा कंप्रेसर आवाज करतोय, खोलीवर येऊन जरा बघून जा," म्हटलं. तो दुपारी चारला आला, कंप्रेसरला कान लावून म्हणाला, "याला काहीएक झालेलं नाही." तेव्हा मी टेबलाखालून बास काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने उजव्या हाताने तार छेडली, तसे जबडे थरथरले. तो दचकला आणि मग हसला. "हे कोण गं?"

"माझी गिऱ्हाइकं."

"बरं झालं, हॉटेलातल्यांपेक्षा लक्ष देऊन ऐकतायत."

मग त्याने डावा हात खिशातून काढला. पहिलं बोट तारेवर बसलं, दुसरं बसलं, तिसरं घसरलं. त्याने पुन्हा ठेवलं. आवाजाऐवजी नुसतं ठक् झालं. तीन वेळा, चार वेळा. माझ्याने बघवेना.

"याहून बारीक तारा मिळतात," मी घाईघाईने म्हणाले. "मानेच्या अजून जवळही आणता येतील. होईल रे—"

त्याने ऐकलं नाही. तो उजवा तळवा मानेच्या पाठीवरून सावकाश फिरवत होता.

"ताई, माप कुणाचं घेतलंस?"

"तुझंच."

"माझं कधी घेतलंस?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. "इथे अंगठ्याला खोलगट जागा झालीय. मी अंगठा इतका वर कधीच ठेवत नव्हतो. आणि ही मान चार बोटांच्या हाताची आहे. चालत्या चार बोटांच्या."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी भडकले. "दोन महिने माझी कंबर मोडली इथे! तुला एक गोड शब्द बोलता येत नाही?"

तो थांबला. मी संतापले की तो लहानपणापासून असाच थांबतो. आणि मला लाज वाटायला लागली. अंदाजाने घेतलेलं माप आलं तर मी मोठमोठ्या डॉक्टरांना चार शब्द सुनावून ते परत पाठवते. ज्याचं तोंड त्याचंच माप, हे मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, आणि सख्ख्या भावाच्या वेळी आपलाच हात घेऊन बसले. लहानपणी तो गिटारच्या क्लासला जायचा तेव्हा सोबतीला मला पाठवायचे. सहा वर्षं मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं आणि गुडघ्यावर बोटं हलवली. तुला शिकायचंय का, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. त्याचा हात गेला तेव्हा माझंही काहीतरी गेलं, आणि मी ते त्याच्याच हातून परत मागत होते.

ढब्बूने बास उचलून माझ्या मांडीवर ठेवला. माझा डावा हात आपोआप मानेवर गेला आणि बसला. त्याने आपलं स्टूल माझ्या उजव्या बाजूला ओढून घेतलं, अगदी खांद्याला खांदा लागेल इतकं.

"शिकवतो," तो म्हणाला. "पण आधी म्हण."

"काय म्हणू?"

"माझा हात गेला, असं म्हण. दोन वर्षं सगळे मला बरा करतायत. आई, तू, ऑफिसातले. गेलाय हे एकट्या मलाच माहीत आहे. दमलो गं मी."

तो वाट बघत राहिला, घाई न करता, आणि दुधी उजेड त्याच्या त्या दोन वाकड्या बोटांवर पडला होता. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

"ढब्बू," मी म्हणाले, "तुझा हात गेला."

"हो," तो म्हणाला. "गेला." आणि त्याने एवढा मोठा श्वास सोडला की तो माझ्या खांद्याला लागला.

मग त्याने उजवा हात माझ्यासमोरून तारांवर आणला. "खालच्या तारेवर नको, जाड तारेवर. तिसऱ्या घरात पहिलं बोट. फ्रेटच्या अगदी मागे. हं, दाब."

मी दाबलं, त्याने छेडलं. एकच सूर होता, तो माझ्या हातातून निघाला की त्याच्या, ते सांगता येणार नाही. तो माझ्या बरगड्यांतून आणि त्याच्या बरगड्यांतून एकदमच गेला. मला रडू कोसळलं.

"रड," तो म्हणाला, "पण बोट उचलू नको."