भिंत वाढली

"घरात वाईट शब्द काढायचा नाही, सोजर. वास्तुपुरुष ऐकत असतो, आणि जे ऐकेल त्याला तथास्तु म्हणतो."

चंद्रभागाबाई हे सांगून गेल्या त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण सासूबाईंचा आवाज सोजरबाईंच्या कानातून काही गेला नाही. तेव्हा खराडी म्हणजे खेडं होतं. आता गच्चीत वाळवण घालायला गेलं की चारी बाजूंनी काचेच्या इमारती डोळ्यांवर ऊन मारतात. शेत गेलं, गोठा गेला, गोठ्याच्या जागी दोन मजल्यांचं पक्कं घर उभं राहिलं. बोलण्याची रीत मात्र तीच राहिली. सोजरबाईंच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. नारळ फोडत नसत, वाढवत. डब्यातले तांदूळसुद्धा कधी संपत नसत. सून शेफाली नवीन होती तेव्हा "तांदूळ वाढले गं" हे ऐकून दुकानातून मुद्दाम फक्त डाळ घेऊन आली होती, आणि त्या रात्री सगळ्यांनी आमटी भाकरीशी खाल्ली होती.

सोजरबाई नेमाच्या बाई. सकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत मौन, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, आणि दिवसभरात खोटा शब्द नाही. आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. म्हणूनच शेफालीनं घराच्या विम्याचं काढलं तेव्हा त्यांनी 'नको' असं म्हटलं नाही. "बघू" म्हणाल्या. आणि बघू बघू करत उन्हाळा घालवला.

कारण घडलं होतं मागच्या पावसाळ्यात. घरामागचा ओढा एका दुपारी असा भरून आला की खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. खाली वैजनाथ आणि रुपाली हे परभणीकडचं जोडपं भाड्यानं राहतं. वैजनाथ कंपनीच्या इमारतीत वॉचमन आहे. त्यांच्या खोलीची मागची भिंत त्या पाण्यानं गेली. देवाच्या दयेनं जीव वाचले. भिंत पुन्हा बांधली, वरून पिस्ता रंग दिला, आणि त्यानंतर त्या घरात त्या दुपारचा विषय निघाला नाही.

"आई, ओढा काही कुठे गेला नाही," शेफाली म्हणायची. "पूर, भूकंप, वादळ, सगळ्याला मिळून एकच पॉलिसी असते. घर तुमच्या नावावर आहे, म्हणून तुमचा होकार लागतो. फोनवर दोन-चार प्रश्न विचारतील, बस."

सोजरबाईंना ते दोन-चार प्रश्नच नको होते. जे घरावर येऊ नये म्हणून रोज हात जोडायचे, तेच आपल्या तोंडानं एकेक नाव घेऊन सांगायचं? पण सुनेचा जीव टांगणीला लागलेला त्यांना दिसत होता. शेवटी एके सकाळी त्या फोनवर बोलल्या. हळू आवाजात, जपून जपून.

चार दिवसांनी शेफाली ऑफिसातून आली ती पर्स खांद्यावरून न उतरवताच.

"अहो आई, आपण कुठली भिंत वाढवली?"

"कुठली म्हणजे? मागची."

"कधी?"

"अगं, मागच्या पावसात. तू होतीस की घरी."

शेफालीनं कपाळाला हात लावला. "विमा कंपनीच्या त्या तनुजा मॅडमनी लिहून घेतलंय की मालकांनी मागच्या बाजूला बांधकाम वाढवलं. आता विचारतायत, महापालिकेची परवानगी दाखवा!"

सोजरबाईंचे यजमान दत्तोबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "दाखव की. परवानगी वढ्यानं दिली म्हणावं."

शेफालीला हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र ती सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली. "आई, गंमत सोडा. भिंत एकदा पडलीय हे आपण सांगितलं नाही आणि पुढे काही झालं, तर ते म्हणतील तुम्ही खोटी माहिती दिलीत. मग विमा असून नसल्यासारखा."

"मी खोटं बोलले?" सोजरबाईंनी विचारलं.

"तसं नाही हो."

"तसंच आहे." त्या थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आपल्या घरात ते खरं होतं. परक्या बाईच्या कानात जाऊन खोटं झालं."

"हे बघा, नकोच असेल तर तसं सांगून टाका. मी परत विषय काढणार नाही, शप्पथ. पण घ्यायचा तर नीट सांगून घ्यायचा. थोड्या वेळात त्यांचा परत फोन येईल."

सोजरबाई उठून देवघरापाशी गेल्या, पण देवाला काय विचारावं हेच त्यांना कळेना. बोलावं तर सासूबाईंचा शब्द मोडतो. बोलू नये तर आपला नेम मोडतो. आणि विमाच नको म्हणावं, तर ओढा पुन्हा भरून आला की या पोरीला काय तोंड दाखवायचं?

"आगं, फाटकाबाहेर जाऊन बोल की," दत्तोबा म्हणाले. "वास्तुपुरुषाला तिथवर रेंज न्हाय."

चेष्टाच ती. पण सोजरबाईंना त्यात वाट दिसली. त्यांनी फोन उचलला आणि जिना उतरल्या.

खाली दारात रुपाली मेथी निवडत बसली होती. "मावशी, आत्ता कुठं निघालात?"

"इथेच, फाटकापाशी. विमावाल्यांचा फोन यायचाय. त्या भिंतीचं सांगायचंय."

"पडली त्याचं?"

सोजरबाईंनी दचकून वर घराकडं पाहिलं. "हळू गं."

रुपालीच्या हातातली जुडी तशीच राहिली. ती म्हणाली, "मावशी, एक बोलू का? रागवू नका. ती पडली तेव्हा मी आतच होते. कपाट मधी आडवं आलं, म्हणून तुमच्यासमोर बसलेय. पण त्यानंतर या घरात कुणी तो शब्दच काढीना. मला वाटायचं, मलाच सपान पडलं की काय. पाऊस वाजायला लागला की मी उशाशी चप्पल घेऊन झोपते. ह्यांची रातपाळी. सांगायचं कुणाला?"

सोजरबाई उभ्याच राहिल्या. त्या वेळी आठवडाभर त्यांनीच वरून ताट पाठवलं होतं. नवी सतरंजी दिली होती, खोलीचा रंगसुद्धा रुपालीच्या आवडीचा निवडू दिला होता. सगळं केलं होतं. फक्त 'घाबरली होतीस का' एवढं विचारलं नव्हतं. विचारायचं तर भिंत पडली असं म्हणावं लागलं असतं. सासूबाईंनी जीभ जपायला सांगितली होती खरी. पण पोटची असो की भाड्यानं राहणारी, लेकीला एकटं टाका असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

हातातला फोन वाजला. फाटक चार पावलांवर होतं. सोजरबाई तिकडे गेल्या नाहीत. रुपालीनं मेथी बाजूला सारून जागा केली, तिथंच पायरीवर बसल्या.

"नमस्कार मॅडम, तनुजा बोलतेय. तुमच्या वाढीव बांधकामाबद्दल…"

"बाई, माझ्या सांगण्यात चूक झाली," सोजरबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण अडखळला नाही. "आम्ही काही वाढवलं नाही. भिंत पडली. ओढ्याचं पाणी आलं नि पडली. आत माणूस होतं."

"ओह. कुणाला इजा झाली होती का?"

सोजरबाईंनी फोनवर हात ठेवला. "लागलं होतं का गं तुला?"

रुपालीनं बाही वर सारून कोपर पुढं केलं. कातडी अजून तिथं आकसलेली होती.

"कोपराला लागलं होतं," सोजरबाईंनी सांगितलं. त्यांनाही ते आत्ताच कळत होतं.

तनुजानं सगळं नीट लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं. मग पूर, भूकंप, वादळ, वीज पडणं अशी एकेक नावं घेत गेली. सोजरबाईंनी एकाही नावाला कान झाकला नाही. "हो," त्या म्हणाल्या. "घ्यायचाय विमा. आणि आमच्या भाडेकरूचं सामान?"

"त्यांचं त्यांना वेगळं घ्यावं लागेल, मॅडम. मी माहिती पाठवते."

"आणि ती स्वतः आत असली तर?"

"मॅडम…" तनुजा घुटमळली. "हा घराचा विमा आहे."

"बरं," सोजरबाई म्हणाल्या, आणि तिचे आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

वरच्या खिडकीतून दत्तोबांनी डोकं काढलं. "झालं का? काय म्हणाला वास्तुपुरुष?"

"तुमची चौकशी करत होता," सोजरबाई म्हणाल्या. खिडकी लागली. रुपाली तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसता हसता डोळेही पुसत होती.

सोजरबाईंनी तिच्या कोपरावरून हात फिरवला. "ऐक. पाऊस वाजायला लागला की वर यायचं. वैजनाथ घरी असो की नसो. विचारायचं नाही, हाक मारायची नाही. कडी काढलेली असेल."

"वर कुठं, मावशी? मधली खोली तर सामानानं भरलीय तुमची."

"रिकामी करते."

"राहू द्या हो. पुढं कधी बघू."

"पुढं नाही, आजच. शब्द दिला तुला."

येरवड्याच्या बाजूनं ढग येत होते, पण अजून हवा कोरडी होती. सोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जिना चढून वर गेल्या. शेफालीनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "काय ठरलं, आई? चहा टाकू?"

"घेतला विमा. चहा मागाहून."

मधल्या खोलीत गणपतीचं मखर, गोधड्यांची गाठोडी आणि तांब्याची जुनी पिंपं छतापर्यंत रचलेली होती. सोजरबाईंनी पदर खोचला, आणि सगळ्यात वरचं गाठोडं खाली घेतलं.