चौकटीतली आई

"वडील श्री. गंगासागरबाई! ह्ये काय लिव्हलंस बे?" गुंडप्पांनी पडद्यावर बोट आपटलं.

"वडील आन् श्री. चौकटीतच हाय, अप्पा. मी निस्तं नाव भरलं," वीरेश म्हणाला.

दोन हजार तीन साल. पाटोद्यात इंटरनेट नुकतंच आलेलं, पण समाजाची वधू-वरांची वेबसाइट हवी म्हणजे हवीच, असा अध्यक्ष गुंडप्पांचा हेका. कॉम्प्युटर शिकलेल्या वीरेशनं डोकं लढवून पानाची एकच चौकट बनवली. प्रत्येक मुलीच्या पानावर तीच यायची, आतला मजकूर तेवढा वेगळा. आता तीच आडवी आली होती.

गंगासागरबाई पिठाच्या हातांनी शेजारी उभ्या होत्या. लेक स्वप्नाली रांगत असतानाच नवऱ्यानं आष्टीला दुसरा संसार थाटला. गिरणी चालवून पोरीला बी.ए. केलं ते या बाईनं.

"त्याचंच नाव घाल," गुंडप्पा म्हणाले. "बापाबिगर स्थळ कोण बघंल?"

"न्हाई बघितलं तर न्हाई. पर त्याचं नाव माज्या लेकीला नको."

वीरेशला पटलं. त्यानं चौकटीतून 'वडील श्री.' काढून टाकलं. झालं! चौकट एकच, त्यामुळे साऱ्याच पोरींचे वडील उडाले. गुंडप्पांनी आपल्या रोहिणीचं पान उघडायला लावलं आणि भडकलेच.

"माजी पोरगी बी बिनबापाची केलीस व्हय रे!"

बोलून गेले खरे, पण मग गंगासागरबाईंकडे बघवेना त्यांना.

वीरेशनं मग चौकटीत त्या जागी मोकळा कप्पा ठेवला. कुणी वेगळं भरलं तर ते दिसायचं, नाहीतर आपलं नेहमीचं 'वडील श्री.' यायचं. रोहिणीच्या पानावर 'वडील श्री. गुंडप्पा' परत आले, तसे गुंडप्पा खुर्चीत टेकले.

"काकू, तुमच्या कप्प्यात 'पालक' लिव्हू?"

"पालक ही भाजी झाली. आई लिव्ह."

"नावाआधी सौ. का श्रीमती?"

बाईंनी पदराला पीठ पुसलं. नवरा जिवंत, पण सौ. कसली डोंबलाची!

"काईच नको. निस्तं नाव."

"लिव्ह, त्या म्हंतेत तसं," गुंडप्पाच म्हणाले.

'आई गंगासागरबाई.' बाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं. डोळे भरले, हसूही आलं. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"वीरेश, लाईट गेली तर पुसत न्हाई ना रे?"

"न्हाई, काकू."