चूं न करणारी वाकळ

मी वाकळ. शहाणी माणसं मला गोधडी म्हणतात आणि विमलाबाईंची सून मला ‘ते जुनं’ म्हणते. मी मनावर घेत नाही. सत्त्याहत्तर वर्षं माणसांच्या झोपेतल्या लाथा खाल्ल्यावर मानापमान फारसा उरत नाही. सध्या मी एका पिशवीत घडी होऊन परभणीच्या एसटीत बसले आहे आणि मला बोलायची मनाई आहे. पण तुमच्याशी बोलायला हरकत नाही, तुम्ही काही या गाडीत नाही.

माझा जन्म रझाकारांच्या धामधुमीतला, परभणीतल्या एका ओट्यावरचा. दत्तोपंत मास्तरांची बायको आणि शेजारच्या बन्सीधरांची नर्मदाबाई, दोघी त्या ओट्यावर बसून आपापल्या लेकीसाठी वाकळ शिवायच्या. जुनी लुगडी दोघींनी वाटून घेतली होती, म्हणून माझी आणि माझ्या जोडीदारणीची ठिगळं अगदी सारखी. फरक एकच. मला शिवलं नर्मदाबाईनं आणि ती डावखुरी, त्यामुळं माझे टाके उलटीकडं झुकतात. हे दिसायला नजर लागते. ती पुरुषांना नसते.

मी नर्मदाबाईच्या रेणुकाची. जोडीदारीण मास्तरांच्या विमलाची. पोरी सात-सात वर्षांच्या. दुसरीच्या ताटातलं गोड लागतं तसं त्यांना दुसरीचं पांघरूण ऊबदार वाटायचं. ओट्यावर झोपताना रोज अदलाबदल.

जेठात गाव सोडायचं ठरलं. गंमत म्हणजे शहरातले खेड्याकडं पळत होते आणि खेड्यातले शहराकडं. वाटेत गाड्या समोरासमोर आल्या की दोन्हीकडचे एकमेकांना वेड्यात काढायचे. मास्तर पेडगावला सासरवाडीला निघाले, बन्सीधर सोनपेठला आपल्या शेतावर. पोरींना वाकळेत गुंडाळून कडब्याआड झोपवायचं होतं. आदल्या दिवशी मास्तरांनी दोघींना ओळीनं उभं करून बजावलं, “गाव येईपर्यंत चूं करायची नाही.”

पहाटे बन्सीधरांनी ओट्यावर मला बरोबर ओळखलं, उचललं आणि गाडीत ठेवलं. मास्तरांनीही आपली वाकळ बरोबर ओळखली. आत कोण आहे ते बघायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी बैल सोडल्यावर नर्मदाबाईनं मला उलगडलं, तर आत मास्तरांची विमला, टक्क जागी.

“अगं बया! तू हितं? मग बोलली का न्हाईस?”

“बाबा म्हणाले होते, चूं करायची नाही.”

मास्तरांची शिस्त! बन्सीधरांनी कपाळावर हात मारला. परत फिरावं तर मागून येणारे सांगत होते, वाट बंद झाली. आठ दिवसांनी बाजाराला आलेल्या कुणाबरोबर निरोप पोचला: तुमची आमच्याकडं, आमची तुमच्याकडं, दोघी पोटभर जेवायल्यात.

विमलाबाई आज नातवंडांना त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात तेव्हा मला हसू येतं. म्हणे, “मी रात्र रात्र जागून पहारा ऐकत होते!” काय सांगू, त्या घोरत होत्या. एकदा गावात आरडाओरडा झाला, तेव्हा नर्मदाबाईनं त्यांना माझ्याखाली झाकलं आणि माझ्या काठावर हात ठेवून दिवस उगवेपर्यंत बसली. ते मला ठाऊक आहे, विमलाबाईंना नाही. त्यांना आठवतो तो सकाळचा ठेचा, आणि “लेकरा, अजून घे” म्हणणारी नर्मदाबाई.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, वाटा मोकळ्या झाल्या. निघताना विमला मला सोडेना. आईकडं जायचं सोडून पोर नर्मदाबाईच्या पदराला धरून रडली. हे तिनं आपल्या आईला जन्मात सांगितलं नाही. “राहू दे तिला,” नर्मदाबाई म्हणाली आणि मी परभणीला आले. पेडगावहून रेणुका माझ्या जोडीदारणीला बिलगूनच सोनपेठला गेली; बन्सीधर आता शेतावरच राहिले. पुढच्याच साली नर्मदाबाई तापानं गेली. फोटो नाही, लुगडं नाही. तिच्या हातचं जगात उरलं ते एवढंच, मी.

विमलाबाईंना हे कळत होतं. “रेणुकाच्या आईची वस्तू रेणुकाला द्यायलाच हवी,” असं त्या दर दिवाळीला म्हणायच्या आणि मला ऊन दाखवून पुन्हा ट्रंकेत ठेवायच्या. सत्त्याहत्तर दिवाळ्या गेल्या.

परवा रेणुकाबाईंच्या नातवाचा, योगीराजचा फोन आला. “आज्जी लय थकलीय. तुमचीच आठवण काढायलीय.” मग मात्र विमलाबाईंनी नातीला, मैत्रेयीला, सोबत घेतलं आणि आज सोनपेठ गाठलं.

रेणुकाबाई बाजेवर होत्या. विमलाबाईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मान खाली घातली. “तुझी आई आणलीय. फार उशीर केला गं.”

रेणुकाबाईंना दिसत नाही फारसं. बोटांनी त्यांनी माझे टाके चाचपले. बोटं थांबली. मग मला तोंडाशी धरून म्हातारी लहान पोरीसारखी रडली. मीही रडले असते, पण कापूस भिजला की वाळायला वेळ लागतो.

“तुझी आईबी हाय माझ्याजवळ,” त्या म्हणाल्या आणि माझी जोडीदारीण बाहेर आली. दोघी म्हाताऱ्या आम्हांला पांघरून दुपारभर लवंडल्या. “माय जायच्या आदल्या दिशीबी इचारत व्हती,” रेणुकाबाई म्हणाल्या, “मास्तराची पोर जेवली का म्हणून.” विमलाबाईंनी मला छातीशी ओढलं.

संध्याकाळी एसटीची वेळ झाली. विमलाबाई चपला शोधत होत्या. मैत्रेयीनं घाईत एक वाकळ उचलली आणि पिशवीत कोंबली. मला! न्यायची होती ती जोडीदारीण. आजीच्या बापासारखीच न बघता उचलायची चूक नातीनं केली. मी जीव तोडून ओरडणार, तेवढ्यात रेणुकाबाई पिशवीवर वाकल्या. त्यांचं बोट माझ्या डावखुऱ्या टाक्यांवरून एकदा, सावकाश फिरलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी पिशवीची चेन हळूच ओढली.

“गाव येईस्तोवर,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “चूं करायची न्हाई.”

विमलाबाई शेजारी पेंगत आहेत, हात पिशवीवर आहे. परभणी अजून लांब आहे. तुम्हीही तोवर गप्प राहा.