वरच्या गल्लीचे बारा आटे

प्रत्येक घराला रोज तासभर पाणी मिळते की नाही, हे मोजायची नगरपालिकेची पद्धत सोपी होती. गल्लीतल्या शेवटच्या घरात बादली ठेवायची, नळ सोडायचा आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांत बादली भरली तर गल्ली पास. नाही भरली तर नापास, आणि नापास गल्लीला नवी पाइपलाइन.

वरची गल्ली चार मिनिटे दहा सेकंदांत पास झाली.

त्याच दुपारी, गल्ल्यांना पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची थोरली बहीण त्याच्या दारात येऊन उभी राहिली. वरच्या गल्लीतले शेवटचे घर तिचेच.

"झालं तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली. "पास झालो आम्ही. मिरवणूक काढू का तुझी?"

 नियमाप्रमाणे खालची आणि वरची गल्ली सकाळी सहा ते सात एकत्र चालायची, आणि खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला की पाणी चढ चढत नसे. म्हणून साडेसहाला चावीवाला खालचा व्हॉल्व्ह बारा आटे बंद करी. खालच्यांच्या टाक्या तोवर भरलेल्या असत, त्यांना पत्ता लागत नसे. सहा वर्षे हे चालू होते. तपासणीच्या दिवशीही चालू होते.

"मला काय ठाऊक, त्या दिवशी मोजायला येणार ते?"

"ठाऊक असतं तर काय केलं असतंस?"

त्याने विचार केला. "बारा आटे फिरवलेच असते. हाताला सवय झालीय, ताई."

"वर्षभरात तू निवृत्त होऊन घरी बसशील. नवा येईल तो काय माझा भाऊ लागून गेलाय? ते काही नाही. आम्हाला नापास कर."

दुसऱ्या दिवशी तो कनिष्ठ अभियंत्याकडे गेला. साहेबांच्या मागच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : उद्दिष्टपूर्ती ९६ टक्के.

"पास झालेली गल्ली नापास करायला आपल्याकडे फॉर्म नाही," साहेब म्हणाले. "तक्रार आली तर फेरतपासणी होते. पण तिथं पाणी येतंय ना?"

"उद्यापासून येणार नाही."

"हे मी ऐकलेलं नाही," साहेब म्हणाले आणि फाइल उघडून बसले.

दुसऱ्या दिवसापासून चावीवाल्याने खालच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. नोकरीत लागल्यापासून तो इतका नियमाने कधी वागला नव्हता आणि इतक्या शिव्याही त्याने कधी खाल्ल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बहिणीचे यजमान रिकामी कळशी घेऊन चढावर भेटले.

"काय मेहुणे, बहिणीचा राग आमच्यावर काढताय होय?"

त्याने हसून मान खाली घातली. ताईने तक्रार दिली होती, पण घरात कुणाला काही सांगितले नव्हते.

नवव्या दिवशी तपासनीस बाई आल्या. सोबत साहेबही होते आणि चावीवालाही. ताईच्या नळातून आधी हवा आली, मग दोऱ्याएवढी धार. पंधरा मिनिटांत बादलीचा तळ जेमतेम झाकला.

बाईंनी जुना कागद काढला. "मागच्या वेळी चार मिनिटं दहा सेकंद. मध्येच काय झालं?"

"पाइप फुटला असेल," साहेब लगेच म्हणाले. "करून घेतो दुरुस्ती. गल्ली पासच राहू द्या."

बाईंनी ताईकडे पाहिले. खरे कारण सांगितले तर भावाचे काय होईल, हे ताईच्या आत्ता ध्यानात आले. पदर सावरत ती म्हणाली, "फुटलाच असेल हो. जुना झालाय."

"फुटलेला नाही," चावीवाला म्हणाला. "मागच्या वेळी आलं ते खालच्या गल्लीचं पाणी होतं. मी खालचा व्हॉल्व्ह बारा आटे बंद करत होतो."

"गप रे!" ताई म्हणाली.

"किती दिवस?" बाईंनी विचारले.

"सहा वर्षं."

"रोज?"

"एकदा ताप होता, तेव्हा चुकलं."

"मग त्या दिवशी?"

"ताई आली होती. पाणी का नाही ते विचारायला."

बाईंनी तेही लिहून घेतले. कागदावर त्याची सही घेतली, त्याखाली साहेबांची. साहेबांनी सही करायला बादली भरण्यापेक्षा जास्त वेळ लावला.

आठवड्याने निकाल आला. फळ्यावर पंचाण्णव टक्के झाले. वरची गल्ली नव्या पाइपलाइनच्या यादीत चौदावी लागली. चावीवाल्याची चावी काढून घेतली आणि निवृत्तीपर्यंत त्याला कचेरीतल्या आवक-जावक टेबलावर बसवले. वेळ अकरा ते सहा.

हे सगळे सांगायला तो ताईकडे गेला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"चौदावी म्हणजे कधी?"

"आठ-दहा महिने तरी जातील."

"खालच्या गल्लीतल्या एका काकूंना विचारून ठेवलंय मी. त्यांच्या नळावर भरू देतील म्हणाल्या. सकाळी सहाला ये."

"मी?"

"मग कोण? तुझी आता अकरापर्यंत सकाळ मोकळीच आहे."