सवतीच्या पाटावर

या, जरा पुढं सरकून बसा. बुवा यायचे आहेत अजून, मृदंगाला आत्ता कुठं कणीक लावताहेत, तोवर एक गोष्ट ऐकवते. देवाच्या दारात बसून सांगते आहे, तेव्हा पदरचं काही घालणार नाही. मध्येच अंगावर काटा आला तर नाम घ्या. मीही सांगताना घेतेच.

आमच्या कल्याणात, पारनाक्याजवळ, माझ्या भिंतीला भिंत लावून त्र्यंबकरावांचं घर होतं. रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी. पहिली बायको सुमती, आंबिवलीची, ती तापात गेली आणि मागं लेक ठकू राहिली. वर्ष उलटायच्या आत गोदा दुसरेपणावर आली. आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊक आहे. पहिलीचा चांदीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात बांधायचा. हळदकुंकू आधी तिला, घास आधी तिला, मग आपण.

बाकीच्या बायका टाक बांधतात नि विसरून जातात. गोदा त्याच्याशी बोलायची. "ताई, ठकूच्या डोक्यात आज उवा सापडल्या." "ताई, वरण करपलं, कुणाला सांगू नका." भर दुपारी, सगळी आळी पेंगत असताना, भिंतीपलीकडून मला दोघींचं बोलणं ऐकू यायचं. एक आवाज गोदेचा. दुसराही मी ओळखत होते, पण ओळखत नाही असं स्वतःला बजावत होते.

तेवढ्यात इंग्रजानं उरलासुरला ब्रह्मदेश घेतला आणि तिकडं रूळ टाकायला माणसं हवी झाली. साहेबानं त्र्यंबकरावांना विचारलं, कुटुंब घेऊन जाता का? जागा दोन आहेत, हवी ती घ्या. एक रंगूनची. तिथं आपली चार घरं, गणपतीचं लहानसं देऊळ, आणि संध्याकाळी ओव्हरसियरच्या परीक्षेचा वर्ग. दुसरी मौलमीनची. तिथं आपलं माणूस औषधालासुद्धा नाही, पण मुलींची शाळा होती आणि लोक ती चांगली म्हणत.

त्र्यंबकरावांचं मन रंगूनवर बसलं. ते स्वतः पुढं शिकणार, बढती मिळणार. ठकूला मात्र इथंच, घरातल्या आपल्या आत्याबाईंपाशी ठेवायची आणि मार्गशीर्षात उजवून टाकायची, असं ठरत आलं होतं.

"समुद्र ओलांडलेल्या पोरीला स्थळ कुठून मिळेल?" आत्याबाई म्हणायच्या. "आणि तिथल्या बायका हातभर विड्या ओढतात म्हणे. तेवढं मात्र शिकेल हो पटकन."

गोदेला दिवस गेले होते. तिची सख्खी बहीण नवऱ्याबरोबर रंगूनला राहत होती, आणि बाळंतपण बहिणीच्या हातून व्हावं यापलीकडं तिचं मागणं नव्हतं. पण ठकूला मागं टाकून जायला ती तयार नव्हती. एकदा धीर करून ती नवऱ्याला म्हणाली,

"ठकूलाही न्यावं इकडून."

"लग्नाची पोर आहे ती."

"आठ वर्षांची आहे."

"मग तेच म्हणतोय मी."

एवढं म्हणून त्यांनी नकाशा पुढं ओढला.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्णपणी गेलेल्या बाईचा तो दिवस, तिच्या नावानं एक सवाष्ण पाटावर बसवून जेवू घालायची. आत्याबाईंनी आळीत सगळीकडं आवतण दिलं. कुणाचा पाय मुरगळला, कुणाकडं पाहुणे आले. खरं कारण एकच, हे लोक काळं पाणी ओलांडणार, यांच्या घरचा घास कोण घेईल? माझं कपाळ पांढरं, म्हणून मी चुलीपाशी होते. उन्हं कलायला लागली, भात निवला, पाट रिकामाच.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "ही आहे की घरात सवाष्ण. हिलाच बसवा."

"आत्याबाई," मी म्हटलं, "सवतीच्या पाटावर सवत बसवत नाहीत."

"मग तू बसतेस का?"

मी चुलीकडं तोंड केलं.

गोदा पाटावर बसली. आत्याबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली. गोदेनं पान बघितलं, वरणभात कालवला आणि पहिला घास उचलला. डाव्या हातानं.

"हे काय गं भलतंच?" आत्याबाई म्हणाल्या.

गोदेनं मान वर केली. आवाज आला तो माझ्या भिंतीपलीकडचा, दुसरा. "या हातावर तुम्ही उलथनं मारायचात, आत्याबाई. ओळखला नाहीत?"

मग ती नवऱ्याकडं वळली. रागानं नाही, दमून बोलावं तशी बोलली. "जोडाक्षरांपाशी सोडलंत मला. या हसल्या, आणि तुम्ही पाटी उचलून ठेवलीत. पोरीला तरी पुढं न्या. शाळा आहे तिथं राहा. मौलमीनला."

त्र्यंबकरावांच्या हातातलं पंचपात्र कलंडलं. दार लावून ते सुमतीला अक्षरं शिकवत, हे त्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि घरात कुणी पुन्हा काढलं नव्हतं. गोदा सावकाश सगळं पान जेवली, हात धुतला, आणि भिंतीशी अंग टाकून झोपली. ठकू तिच्याजवळ जाऊन बसली. ती एकटी भ्याली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव साहेबाला मौलमीन सांगून आले. ठकूसकट.

नवरात्रात राममंदिरात कीर्तन होतं. ऐकून परत येताना गोदा वाटेत थांबली.

"काकू, मी सोंग करणार होते."

"कसलं सोंग?"

"शेजारणी यायच्या नाहीत हे दिसतच होतं. पाटावर मलाच बसवतील, हेही. ताई अंगात आली असं दाखवायचं आणि म्हणायचं, ठकूला रंगूनला न्या. सगळं पाठ केलं होतं. तोंड उघडलं, तर आत आधीच कुणी बोलत होतं. मी आपली परक्याच्या ओसरीवर बसावं तशी ऐकत बसले."

"मग सोंग होतं असंच सांग की नवऱ्याला. करायचं मनात होतंच ना तुझ्या? बहिणीपाशी जाशील."

"आणि ठकू?"

गोदा पुन्हा चालू लागली.

"सोंग म्हटलं की सगळंच सोंग ठरतं, काकू. ती इथं राहील आणि मार्गशीर्षात उजवली जाईल." तिनं गळ्यातल्या टाकावर हात ठेवला. "माझ्या पोटात काय आहे ते ताईला ठाऊक आहे. तरी तिनं मौलमीन म्हटलं. आईच ती. मीही तेच म्हटलं असतं."

दसरा झाला आणि ती मंडळी आगबोटीनं गेली. चैत्रात निरोप आला. गोदा बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. उशाशी होती ती तिथली सुईण. हिचं तिला कळेना, तिचं हिला कळेना.

ठकू मात्र शिकली. गेल्या साली ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवायला आली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन भेटले. सुमतीचा टाक आता तिच्या देव्हाऱ्यात आहे.

"आणि गोदेचा?" मी विचारलं.

"केलाच नाही. बाबांनी पुन्हा लग्न केलं नाही, मग बांधणार कोण?" "काकू, दुपारी मी एकटी वाचत बसले ना, की मागं कुणीतरी येऊन उभं राहतं. ती थोरली आई. मला कळतं. धाकटी कधीच येत नाही. मी शेजारी पाट मांडून ठेवते, वाचता वाचता वाट बघते. तिला इथवरची वाट ठाऊक नसेल का हो?"

घरी आले आणि रात्रभर जपाला बसले.

म्हणून तुम्हांला जवळ बोलावलं. मोठं काही मागत नाही. उद्या जेवायला बसाल तेव्हा पहिल्या घासाआधी गोदा असं एकदा म्हणा, मनातल्या मनात. नाव घेणारं कुणी असलं, की लांब गेलेल्या माणसाला घर सापडतं असं माझं मन सांगतं.