खडूवरचा डाग

पाण्यावर उतरणारं आमचं लढाऊ विमान एकच बनवून बंद करायचं, हे मॉस्कोत आधीच ठरलं होतं. खापर फोडायला आम्ही होतो: म्हणे विमानाचा तळ गळतो. तपासनीस साहेब तागनरोगला, आमच्या कारखान्यात आला. आम्ही तळात रॉकेल ओतलं, बाहेरून सांध्यांना खडू फासला. गळलं तर खडूवर डाग पडतो. तासाभरानंही खडू पांढराशुभ्र.

"डाग कुठंय, ग्लाफिरा निलोव्ना?"

"तुमच्या डोक्यात, साहेब!" आमची मुकादम म्हणाली.

त्या नालायकानं अंगठा रॉकेलात बुडवून खडूवर दाबला. "हा बघा. करा सही."

या विमानासाठी पाच वर्षं खपली होती ती. तिनं तपासणीच्या कागदावर लिहिलं, "डाग साहेबांच्या अंगठ्याचा," आणि सही ठोकली. खाली आम्ही बावीस जणांनी केल्या.

विमान त्यांनी तरीही भंगारात घातलं. कारण शोधायला मात्र दुसरीकडे तोंड काळं करावं लागलं.