दुसरं बिस्किट

आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात चवीच्या टेबलावर सात माणसं बसतात, आणि सातही जण कागदावर खोटं लिहितात. मुद्दाम नव्हे, भिडेपोटी. बिस्किट बनवणारा माणूस दारात उभा असताना दहापैकी चार गुण द्यायला कोणाचा हात धजावेल? सगळे सात-आठ गुण देतात आणि खाली 'छान' लिहून मोकळे होतात. म्हणून आमच्या भट्टीमास्तरांनी फार वर्षांपूर्वी एक युक्ती काढली. कागद गोळा झाले की चहा येतो, आणि चहाबरोबर त्याच बिस्किटांची एक ताटली. बरोबर एकवीस बिस्किटं. "उरलीत, घ्या हो," असं म्हणून मास्तर निघून जातात. पंधरा मिनिटांनी ताटली भट्टीवर परत जाते आणि मास्तर उरलेली बिस्किटं मोजतात. सहा किंवा त्याहून कमी उरली तर बिस्किट पास. कागद रद्दीत जातात.

ही गोष्ट आम्हा तिघांनाच माहीत होती: मास्तरांना, साहेबांना आणि मला, कारण टेबल माझ्या ताब्यात. मी नवीन असताना मास्तर म्हणाले होते, "पहिलं बिस्किट माणूस मान राखायला खातो. दुसऱ्याला हात गेला तर ते खरं." नियम माहीत असूनही माझा हात बावीस वर्षांत कधी लबाडी करायला गेला नाही. गप्पा मारता मारता तो आपसूक ताटलीकडे जायचा. बिस्किट जमलेलं असेल तर चार, नसेल तर शून्य. कारखान्यात मला सगळे 'जीभ' म्हणतात, पण मास्तरांचा भरवसा होता तो माझ्या हातावर.

या वर्षी मास्तर निवृत्त होणार होते. आमच्याकडे जाणाऱ्या भट्टीमास्तराला स्वतःचं एक बिस्किट मांडता येतं. पास झालं तर ते कायम बनतं, पुड्यावर बारीक अक्षरांत त्याचं टोपणनाव येतं. नापास झालं तर शाल, घड्याळ आणि नमस्कार. चाचणी एकदाच होते, दुसरी संधी नाही. मास्तर तीन वर्षं त्यासाठी खपत होते. साखर जरा करपू द्यायची, अगदी कडू व्हायच्या आधी थांबवायची, आणि वर मिठाचे दोन-चार खडे. किती घाणे त्यांनी फेकून दिले असतील, तेच जाणोत.

आणि नेमकी त्याच वर्षी मी इंजेक्शन सुरू केलं.

गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता, त्यात रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरलंच पाहिजे, आठवड्यातून एकदा हे पेन पोटाला टोचा. मी विचारलं, याने होतं काय नेमकं? त्या म्हणाल्या, भूक कमी होईल. मला ते उत्तर पुरेना. मला चौकशांची खोड आहे. भूक कमी होते म्हणजे कुठून कमी होते? पोटातून की डोक्यातून? मी एक वही केली आणि रोज लिहायला लागले.

पहिले दोन आठवडे नुसती मळमळ. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की डोक्यात कोणीतरी बोलायचं थांबलंय. जन्मभर माझ्या कानाशी एक बाई कुजबुजत असायची: आता काय खायचं, फ्रिजमध्ये काय आहे, संध्याकाळी काय करायचं. ती बाई घर सोडून गेली होती. मला इतकी गंमत वाटली की मी पानभर लिहिलं. वहीत आणखीही नोंदी होत गेल्या. नखं खायची सवय सुटली. दुकानाच्या काचेतला निळा कोट बघून 'बरा आहे' म्हणाले आणि पुढे गेले. एरवी तीन दिवस त्याचाच विचार केला असता. एकदा रात्रीचं जेवण करायलाच विसरले. साडेनऊला नवरा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "तुला भूक नाही म्हणून आम्हालाही नाही का?" मला हसू आलं, मग वाईटही वाटलं. आमच्या घरात भुकेचं घड्याळ मीच होते, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मी घरात फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. जाऊबाईंना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळलं असतं. आणि त्या फ्रिज उघडून बघतातच, त्यांचा तो हक्कच आहे. म्हणून माझी पेनं मी कारखान्यात ठेवायचे, नमुन्यांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. डब्यावर चिठ्ठी लावली: 'मार्जरीन, नमुना ३१२'. कारखान्यात तर मुळीच सांगायचं नव्हतं. चवीच्या टेबलाची प्रमुख भूक मारायचं औषध घेते, हे कोणाला सांगणार?

तरी मला काळजी नव्हती, कारण चव शाबूत होती. उलट जास्तच लख्ख. लोणी दोन दिवसांचं आहे की चार, हे मला पूर्वीपेक्षा लवकर कळायचं. तेव्हा मी निर्धास्त होते.

मास्तरांच्या चाचणीच्या दिवशी मी पहिलं बिस्किट तोंडात घातलं आणि डोळे मिटले. काय सांगू! बावीस वर्षांत असं बिस्किट त्या टेबलावर आलं नव्हतं. मी दहापैकी दहा दिले, आणि भिडेपोटी दिले नाहीत. मग चहा आला, ताटली आली, गप्पा झाल्या. हिशेबनीस त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. पंधरा मिनिटांनी ताटली गेली.

तासाभराने मी भट्टीवर गेले तर मास्तर स्टुलावर बसले होते. समोर ताटली.

"सतरा," ते म्हणाले.

माझा विश्वास बसेना. मी स्वतः मोजली. सतराच.

"तूही घेतलं नाहीस," ते म्हणाले. रागाने नव्हे. नुसतं विचारल्यासारखं, आणि तेच मला जास्त लागलं. माझा हात गेलाच नव्हता, आणि गेला नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले आणि चोरासारखी तिथून सटकले.

साहेबांनी संध्याकाळी निकाल लिहायला सांगितला. मी डोकं दुखतंय म्हणून उद्यावर ढकललं.

त्या रात्री झोप कसली येते! पण पडल्या पडल्या माझी जुनी खोड जागी झाली. मी नेहमी चार खाते. समजा, खाल्ली असती. सतरातून चार गेली, तेरा राहिली. तरीही नापासच! म्हणजे एकट्या माझ्या हातामुळे हे झालेलं नाही. मग बिस्किट खरंच वाईट होतं का? नाही. माझी जीभ खोटं बोलत नाही. मग इतरांचे हात कुठे गेले होते?

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी फ्रिज उघडला आणि नोंदवही घेऊन एकेक डबा ताडून पाहायला लागले. हे खरं तर दर सोमवारी करायचं काम, पण माझा खोटा डबा तिथे आल्यापासून मीच ते टाळत होते. वरचा कप्पा बरोबर. मधला बरोबर. खालच्या कप्प्यात माझ्या मार्जरीनमागे एक डबा: 'व्हॅनिला अर्क, नमुना ४०९'. नोंदवहीत ४०९ नव्हताच. त्याच्या शेजारी 'लिंबाची साल, ४१०'. तोही नव्हता. आणि अगदी कोपऱ्यात, सुवाच्य अक्षरात, 'यीस्ट'.

आम्ही बिस्किटं करतो. आमच्याकडे यीस्ट वापरतच नाहीत!

मी खाली बसले आणि एकटीच हसत सुटले. चार खोटे नमुने. म्हणजे सातातले चौघे. मी डबे उघडले नाहीत, गरजच नव्हती. अक्षरं ओळखीची होती. पॅकिंगच्या ताई हल्ली सलवारीला पिन लावून येतात. हिशेबनिसाने पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, तेही वाकडं. प्रयोगशाळेतली मुलगी तर मुळातच काडी, पण लग्न ठरलंय म्हणे. प्रत्येकाला वाटत होतं, घेणारे आपण एकटेच. आणि उरलेल्या तिघांचं काय? तेही मला उमगलं. शेजारच्याचा हात ताटलीकडे गेला की आपलाही जातो. चौघे हात बांधून बसल्यावर त्या तिघांना अधाशी दिसायचं नव्हतं. बिचाऱ्यांनी मिळून चारच खाल्ली.

हसू ओसरलं तेव्हा मात्र पुढचं दिसलं. हे सांगितलं तर माझी खुर्ची जाणार. नाही सांगितलं तर मास्तर शाल आणि घड्याळ घेऊन घरी जाणार, आणि आपलं बिस्किट लोकांना आवडलं नाही हे मनात ठेवून उरलेलं आयुष्य काढणार. मी अर्धा तास नमुन्यांच्या खोलीत फेऱ्या मारल्या. खुर्ची मला प्रिय आहे. उगाच मोठेपणा कशाला सांगू, एकदा तर मी 'नापास' हा शब्द लिहिलाही होता. मग मी तो कागद फाडला आणि सगळ्यांना बोलावून घेतलं.

साहेब, मास्तर आणि टेबलावरचे सातही जण जमले.

"फ्रिजमध्ये चार खोटे नमुने आहेत," मी म्हणाले. "तीनशे बारा माझा. त्यात मार्जरीन नाही, वजनाचं इंजेक्शन आहे. मला हल्ली दुसरं बिस्किट नको असतं, कुठलंच. बाकीचे डबे कोणाचे ते मला विचारायचं नाही."

आधी पॅकिंगच्या ताईंनी हात वर केला. "व्हॅनिला माझा."

"लिंबू," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली आणि लाल झाली.

हिशेबनीस छताकडे बघत होता. ताई त्याच्याकडे वळल्या. "आणि यीस्ट कोणाचं हो? बिस्किटाच्या कारखान्यात?"

"मला काय माहीत काय घालतात ते! मी आकडे बघतो," तो ओरडला, आणि सगळे इतके हसले की साहेबांना टेबल वाजवावं लागलं.

पण नंतर साहेबांनी बोटांवर मोजलं. "सातातले चौघे," ते हळूच म्हणाले. "मग बाहेर किती असतील?" मोठ्या पुड्यांची विक्री सहा महिने का घसरतेय, यावर त्यांनी तीन बैठका घेतल्या होत्या आणि दरवेळी दोष वेष्टणाच्या रंगाला दिला होता. आता ते आमच्या फ्रिजकडे असे बघत होते की जणू सगळं उत्तर तिथे खालच्या कप्प्यात होतं.

चाचणी एकदाच, हा नियम मोडायला ते तयार नव्हते. मी म्हणाले, "ही चाचणी झालीच नाही असं धरा. माप सदोष होतं. वजनकाटा बिघडला तर आपण मालाला दोष देतो का?" मास्तरांनी मान हलवली. ते म्हणाले, "बरोबर बोलतेय ती."

दुपारी टेबलावर नवीन सात जण बसले: माल चढवणारे चौघे, भट्टीवरच्या दोघी आणि दारावरचा पहारेकरी. इंजेक्शन घेता का, हे आधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं होतं. मी दाराबाहेर थांबले. आतून पहारेकऱ्याचा आवाज आला, "हे शेवटचं घेऊ का, कोणी घेत नसेल तर?" आणि दुसऱ्याचा, "अहो, अर्धं तरी इकडे द्या!"

ताटली रिकामी आली. तिच्यावर कणही नव्हता.

मला आनंद झाला, खराखुरा. आणि त्याच क्षणी असूयाही वाटली. त्या अर्ध्या बिस्किटासाठी भांडणाऱ्या माणसाची असूया. मला भूक आठवत नव्हती असं नाही. वाट बघणं आठवत होतं, भट्टीचं दार उघडायच्या आधीचं ते. गुडघे आता दुखत नाहीत, जिना मी न थांबता चढते, आणि इंजेक्शन मी सोडणार नाही. तरीही ते वाट बघणं गेलं याचं मला दुःख आहे, आणि हे मी वहीत कुठेच लिहिलं नव्हतं.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं की जोवर घेताय तोवर टेबलावर नको, नमुन्यांची खोली सांभाळा. योग्यच होतं. तरी बाहेर येताना डोळे भरले.

मास्तर भट्टीशी होते. भट्टी निवत आली होती. त्यांनी एक बिस्किट कागदात गुंडाळून ठेवलं होतं, ते माझ्यापुढे धरलं.

"ताटलीचं झालं," ते म्हणाले. "तुझं काय? तुला आवडलं का?"

आजवर या प्रश्नाला मी कधी तोंडाने उत्तर दिलं नव्हतं. मी बिस्किट खाल्लं, सावकाश, आणि मग बोलायला लागले. आधी दात रुततात तेव्हा वरचा पापुद्रा कसा मोडतो, ते सांगितलं. मग लोणी येतं, मागोमाग करपलेली साखर, आणि आता कडू होणार असं वाटतं तेवढ्यात मिठाचा खडा कसा वाचवतो. गिळल्यावर किती वेळ काय काय मागे राहतं. मला शब्द शोधावे लागत होते, चुकत होते, मागे जाऊन दुरुस्त करावे लागत होते. खूप वेळ बोलले असेन.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. स्टूल माझ्या जवळ ओढलं आणि खाली बसले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.